आमच्या टॉकीजच्या ऑपरेटर काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आपल्या टॉकीजमध्ये पिक्चर बघून मोठी झालेली पोरं आता कुठं कुठं पांगली आहेत आणि त्यातल्या एकालाही तुमचं नाव माहीत नव्हतं. रीळ तुटलं की "ए ऑपरेटर" म्हणून शिव्या आणि शिट्ट्या, एवढीच आपली ओळख.

'धडाकेबाज' आपल्याकडं लागला तेव्हा मी सहावीत. खिशात दमडी नव्हती, जिन्यात घुटमळत होतो. तुम्ही दंडाला धरून वर नेलंत. मराठीतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर! मशीनचं भिंग तुम्ही बदललंत, पडद्याच्या कडेची काळी कापडं सरकवायला पोऱ्याला खाली पिटाळलंत आणि तुटलेल्या फिल्मचा एक तुकडा माझ्या हातात ठेवलात. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे काडीसारखा उंच! "दाबून भरलाय, भिंग त्याला पसरवतं," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, लक्ष्याचा पिक्चर भारी आहे हां.

"कोठारेचा," असं म्हणून तुम्ही पुढचं रीळ चढवायला वळलात.

पिक्चर कुणाचा असतो, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. पुढं तुमच्या त्या उकाड्याच्या खोलीत बरंच कळलं. 'धडाकेबाज'चे दिग्दर्शक महेश कोठारे, त्यांचे आईवडील दोघंही रंगभूमीवरचे. ते स्वतः 1963च्या 'छोटा जवान'मधला पोरगा, 1968च्या 'राजा और रंक'मधलाही तेच. पुढं वकिलीचं शिक्षण. आणि 1985ला 'धुमधडाका', दिग्दर्शक म्हणून. एवढ्या लहानपणी चेहरा ओळखीचा झालेला माणूस स्वतःच्या पिक्चरमध्ये टाळ्याशिट्ट्या अशोक सराफ आणि लक्ष्याला देतो, आपण मात्र सरळ नायक होऊन उभा राहतो. मला हे आजही मोठं वाटतं. समीक्षकांनी याची म्हणावी तशी दखल घेतली नाही, असं माझं मत आहे. (तुमचंही होतं, फक्त शब्द छापण्याजोगे नव्हते.)

'झपाटलेला' 1993चा. तो तुमच्या खिडकीतून किती वेळा पाहिला, मोजलं नाही. रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज. खाली पोरं किंचाळायची. तुम्ही म्हणायचात, "बाहुला हलवणारा माणूस दिसत नाही ना? म्हणजे कुठंतरी कापलंय. शोध." मी शोधत बसायचो. आज त्याच कामाचा पगार मिळतो, काका. एडिटिंगला बसलो की तुमचं ते "शोध" अजून कानात वाजतं.

'माझा छकुला'तला कोठारेंचा मुलगा आठवतो? आदिनाथ. त्यानं 'पाणी' दिग्दर्शित केला, नांदेडकडच्या नागदरवाडीच्या पाणीटंचाईवर. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बाहुला नाही, 'धडाकेबाज'सारखा बाटलीतला गंगाराम नाही, बापाच्या पिक्चरशी काही नातंच नाही म्हणा. 2024ला थिएटरात बघताना शेजारची खुर्ची रिकामी होती, तेव्हा तुमची फार आठवण आली.

त्या दिवशी पैसे न घेता वर बसवलंत, त्याचे आभार तेव्हा मानायचे राहिले. आज मानतो.

फिल्मचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. थोडा तांबूस झालाय, लक्ष्या मात्र तसाच उंच. दिवाळीत येतोय, घेऊन येतो. काकूंना नमस्कार.

तुमचा,
जिन्यातला पोरगा