बाबा, तुम्ही दिंडीला जा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणले, तिशी ओलांडली तरी रात्ररात्र गेम काय खेळायलीस, आणि मी विषय बदलला. पण त्या गेममुळंच तुम्हाला काहीतरी सांगायचंय, फोनवर जमत नाही म्हणून लिहायले.

गेमचं नाव द विचर थ्री, पोलंडच्या कंपनीनं २०१५ ला काढलेला. त्याच्या आधीचा भाग पोलंडच्या पंतप्रधानांनी २०११ ला ओबामांना भेट दिला होता, आपण पाहुण्याला हिमरू शाल द्यावी तसा. यात मी गेराल्ट नावाचा केस पांढरे झालेला माणूस असते. पैसे घेऊन राक्षस मारत गावोगाव हिंडायचं हे त्याचं काम, आणि त्यानं लेकीसारखी सांभाळलेली सिरी, तिला शोधायचं. घोड्यावर बसून कुठंही जा. लढाईनं उजाड झालेला एक मुलुख आहे, तिथं टेकडीखाली एका झाडात आत्मा अडकलाय. त्याला सोडलं तर अनाथ लेकरं वाचतात पण दुसऱ्याच घरातली एक बाई मरते आणि तिचा नवरा फास घेतो, मारलं तर बाई भ्रमिष्ट होऊन का होईना जगते पण लेकरं जातात. आणि हे आधी कोणी सांगत नाही, नंतर कळतं. मला त्या रात्री झोप नाही आली.

पण खरं सांगायचंय ते सिरीचं. शेवटी ती जगणार का नाही हे तलवारीवर नाही ठरत, त्याआधीच्या चार-पाच प्रसंगात बाप तिच्याशी कसा वागला त्यावर ठरतं. एकदा तिला जादूगारणींच्या बैठकीला जायचं असतं, लई ताकदवान बायका त्या. मी म्हणलं मी येतो सोबत. काळजी होती हो, दुसरं काय. एकदा ती पार खचून बसलेली, तर मी म्हणलं सगळंच जमायला पाहिजे असं नसतं, आणि दोघं दारू पीत बसले. शेवटी सिरी संकटात एकटी आत जाताना तिला हेच प्रसंग आठवतात, आणि माझी सिरी परत आलीच नाही. गेराल्टच्या हाती फक्त तिचं लॉकेट राहिलं. लॅपटॉप बंद करून मी रडले.

परत पहिल्यापासून खेळले. ह्या वेळी तिला एकटीला आत जाऊ दिलं, आणि खचली तेव्हा काही न बोलता बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारले. ती परत आली.

तेव्हा मला पुण्याचं ॲडमिशन आठवलं. आपण रात्रभर रेल्वेत बसून गेलो, सगळ्या पोरींचे वडील खिडकीपाशी फॉर्म भरायले आणि तुम्ही बाहेर लिंबाखाली दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलात, म्हणलात तू जा, मी इथंच आहे. किती राग आला होता मला तुमचा. आणि आई, बारावीचा निकाल लागला तेव्हा आत्या-मामी सगळ्या समजूत घालायल्या आणि तू मला शेतात नेलंस, पदर खोचून आंब्याला दगड मारायलीस, माझ्या हातात पण दगड दिलास. निकालाचं अक्षर काढलं नाहीस. पाडाचे चार आंबे पडले होते, अजून आठवतं.

आणि मी काय केलं? बाबा, तुम्ही म्हणलात नाथषष्ठीला दिंडीत पैठणला चालत जातो, तर मी म्हणलं अजिबात नको, सुट्टी टाकून गाडीनं नेते, मी येते सोबत. तेच वाक्य.

तर तुम्ही जा बाबा. गावातले चौघं सोबत आहेतच. बीपीच्या गोळ्या आईला दोन पुड्यात बांधून द्यायला सांगा, एक पिशवीत एक खिशात. नवी चप्पल नका घालू, जुनीच घाला, नवी लागते. मुक्कामाला पोचल्यावर एक मिसकॉल द्या, मी उलटा फोन करणार नाही. आई, तू तेवढे दिवस इकडं येतीस का, तुला सिरी दाखवते.

तुमची,
ताई