उरलेल्या गोळ्या

कुडाळ, गुरुवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल मी फोन मध्येच ठेवला, राग मानू नकोस. बाळाकाका उद्या कोकणकन्येने निघतायत, त्यांच्याकडे उकडे तांदूळ आणि ही चिठ्ठी देतेय. पेज करून खा.

"ताप उतरला म्हणून थांबवल्या, चार गोळ्या रूमवरच्या मित्राला दिल्या, त्याचा घसा दुखतोय," असं तू हसत हसत सांगितलंस. अरे, चौदा गोळ्या होत्या ना? डॉक्सिसायक्लिन, सकाळ-रात्र, सात दिवस. तू सहा घेतल्यास. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा ताप, ही काही सर्दी नव्हे. २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याने काय केलं ते आठवतं ना? ताप उतरला, एवढ्यावर तू ठरवायचं नाहीस. आजच डॉक्टरांना फोन कर, खरं ते सांग, आणि ते म्हणतील तसं पुढे घे. चुकलेल्या भरून काढायला दोन-दोन एकदम गिळू नकोस. आणि त्या मुलालाही सांग, ठेव त्या बाजूला म्हणून. बहुतेक घसे तसेही या गोळीने बरे होत नाहीत.

गोळी पेलाभर पाण्याबरोबर घे आणि अर्धा तास आडवा होऊ नकोस. अक्का घोटभर पाण्यावर घेऊन तशीच झोपली होती, चार दिवस तिला घास गिळवेना. दूध, रक्ताच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध तिच्याबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेव. उन्हात फिरू नकोस, कातडी भाजते. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर फोनाफोनी न करता सरळ हॉस्पिटल गाठ.

झालं, परत शाळा घ्यायला लागले. चुकलंच. सव्वीस वर्षांचा आहेस, सुट्टी टाकून भातलावणीला आलास, टाच कापलेली असताना चिखलात उतरून तरवा वाहिलास. वरच्या घरची मंडळी बघत होती तेव्हा ऊर भरून आला होता माझा. त्याच पाण्यात उंदरांची घाण असते हे मला ठाऊक होतं. फडकं बांधून, गमबूट घालून उतर म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

आणि दुसरीतला तो पावसाळा. तुला ताप, एसटी बंद, आणि कपाटात अक्काच्या अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल उरलेल्या. मीच दिली. तासाभरात अंगभर गांधी, ओठ सुजलेले, आणि दादा तुला पोटाशी धरून रिक्षात. त्या रात्रीनंतर आपल्या घरात उरलेली गोळी कोणी ठेवत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे या डॉक्टरांना सांगितलंस ना? ही गोळी त्या जातीतली नाही, तरी सांग. लिहून घ्यायला लाव.

दादांना अजून काही बोलले नाही. ते मळ्यावरून यायच्या आत, सातच्या सुमारास फोन कर. डॉक्टर काय म्हणाले ते सांग आणि पाकीट हातात घेऊन बस, मी मोजायला लावणार आहे.

तुझी आई