पडक्या देवळाला रंग नको, आधी पन्हळ मोकळी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर दिसू लागतं, आणि लहानपणच्या गावातल्या पडक्या देवळांच्या आठवणींना भरतं येतं. त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण आठवणींच्या मागोमाग पुणे, मुंबई, गोव्यातली मंडळी वर्गणी काढतात, जीर्णोद्धार कमिटी होते, आणि बघता बघता काळ्या दगडावर ऑइलपेंट, जोत्याला ग्रॅनाइट आणि वर सिमेंटचं शिखर चढतं. शेकडो पावसाळ्यांनी केलं नसेल तेवढं नुकसान एका उन्हाळ्यात होतं.

दगडी देऊळ पडायला सुरुवात होते ती छतावरून. छताच्या शिळांचे सांधे पाणी अडवत नाहीत; ते काम वर चोपलेल्या चुन्याच्या कोब्याचं. पूजा थांबली की वर कुणी चढत नाही. पालापाचोळा कुजून माती होते, तिच्यात गवत उगवतं, पन्हळ बुजते आणि पाणी तिथेच साचून सांध्यांत उतरतं. आतला चुना धुपतो. गाभाऱ्याच्या छताला पांढरे ओघळ दिसले तर तो आतून वाहून आलेला चुना समजावा. पुढे शिळा सरकते आणि खालच्या तुळईवर भार वाकडा पडतो.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. माती-गवत हलक्या हाताने काढायचं आणि पन्हळ आरपार मोकळी करायची. कुदळ नको, खुरपं पुरे. कोबा फुटलेला असेल तर दसऱ्यानंतर नवा घालावा. खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस पाहता त्याआधी चुन्याला हात लावणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. कळीचा चुना विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवावा. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू, त्यात भाजक्या विटांचे तुकडे. जाडी तीन-चार इंच, आणि पन्हळीकडे दर चार फुटांना इंचभर उतार. मग लाकडी चोपण्याने रोज चोपायचं, वरून हिरडा-गुळाचं पाणी शिंपायचं. कोब्यावर ओली गोणपाटं दोन आठवडे तरी राहिली पाहिजेत. कंत्राटदार इथेच घाई करतो, आणि कोब्याला बारीक भेगा जातात त्या याच घाईने.

दुसरा शत्रू पिंपळ. पाखरांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ जाड होतं आणि पाचरीसारखं दगड फाकवतं. उत्साही पोरं दोर लावून झाड उपटतात, मुळाबरोबर दोन-तीन थरही खाली येतात. नुसतं तोडलं तर पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. बुंधा सपाट कापून, चीक सुकायच्या आत, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, ताज्या कापावर ग्लायफोसेट लावावं. तेही परवाना असलेल्या माणसाकडूनच. बुंधा प्लास्टिकने झाकावा आणि काही महिने थांबावं. मूळ वाळलं की सुटेल तेवढं काढून पोकळीत पातळ चुना ओतावा. मीठ किंवा बॅटरीचं अॅसिड ओतायचा गावठी उपाय मात्र नको. मिठाने दगडाचे पापुद्रे सुटतात आणि अॅसिड आधी चुना खातं.

सिमेंटबद्दल गवंड्याशी वाद होणारच. "चुना धरत नाही, सिमेंट पक्कं," असं तो म्हणेल. पक्कं आहे, तीच अडचण. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते. काही वर्षांनी सिमेंटची रेघ तशीच उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड झिजलेला. ऑइलपेंटचंही तेच, फुगा धरतो आणि पडताना नक्षीचा पापुद्रा घेऊन पडतो. जुना रंग काढायला वाळूचा फवारा मारतात, त्यात छिन्नीच्या खुणा कायमच्या जातात.

अजून एक गोष्ट कमिटीच्या नजरेतून सुटते. गावातला रस्ता दर काँक्रीटला चार-सहा इंच वर येतो आणि देऊळ खड्ड्यात जातं. मग पावसाचं पाणी पायरीवरून आत. भोवती चर काढून पाणी लांब नेल्याशिवाय बाकी सगळा खर्च वाया.

आवारातली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), खंडित मूर्ती, लेखाचा दगड नदीत सोडू नयेत, पायरीलाही वापरू नयेत. लेख हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नडमधला आहे म्हणून मराठी कमिटीने त्यावर चुना फासावा, हा तर करंटेपणा. आपल्याच तालुक्यातली हलशी ही कदंब राजांची पलाशिका नगरी. देगावचं कमलनारायण मंदिर १२व्या शतकात गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधवलं. हे आज सांगता येतं ते लेखांमुळेच.

काम काढण्याआधी जमिनीचा उतारा पाहावा. देऊळ कर्नाटक सरकारच्या मुजराई (देवस्थान) खात्याकडे असेल तर परवानगी लागते. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर हात लावायचाच नाही. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच. बाकी देवळांसाठी राज्य पुरातत्त्व खातं आहे. धर्मस्थळाचा धर्मोत्थान ट्रस्टही सरकार आणि गावची समिती यांना सोबत घेऊन अशी कामं करतो. दगड उतरवावाच लागला तर आधी चारही बाजूंनी फोटो, मग प्रत्येक दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला क्रमांक. क्रमांक न घालता रचलेला ढीग पुन्हा देऊळ होत नाही. त्या दगडांचा गडगा होतो.

गावच्या देवळांचा कारभार पाहणाऱ्या देवस्की पंचांनी यंदा रंगाचं कोटेशन बाजूला ठेवावं आणि मृग लागायच्या आत एक शिडी आणि दोन खुरपी देऊन दोन माणसं छतावर पाठवावीत.

आपले,
काही वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव