फ्रीझरवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

गणपती पार पडले, ऑर्डरी पोचल्या, आणि आज पहिल्यांदा निवांत बसून तुम्हाला लिहायला घेतलंय. त्या दिवशी फोनवर नुसतं "थँक्यू" म्हणाले, ते मनाला पटलं नव्हतं.

तुम्ही चिपळूणला पोचलात तेव्हा बाहेर धो धो पाऊस, आत फ्रीझरच्या खोलीत तीन हजार उकडीचे मोदक आणि दारावरचा आकडा उणे ९. हवा होता उणे १८. चतुर्थी नऊ दिवसांवर. मोदक एकदा सैल पडून पुन्हा गोठला की वाफवताना पारी फाटते. माझी आणि जाऊबाईंची दीड महिन्याची मेहनत त्या खोलीत होती.

तोवर दोघे जण येऊन गेले होते. कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या जाड तांब्याच्या पाइपवर बर्फ धरला होता. थंडावा कमी म्हणजे गॅस कमी, असं म्हणून दोघांनीही गॅस भरला. आधी बर्फ पाइपच्या वळणापर्यंत होता, दुसऱ्यांदा गॅस भरल्यावर तो थेट कॉम्प्रेसरच्या अंगावर चढला. तिसऱ्याने फोनवरच सांगितलं, कॉम्प्रेसर बदला. आम्ही पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती, काका.

तुम्ही गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजला हातही लावला नाहीत. टॉर्च घेऊन आधी आत गेलात, पंख्यांची जाळी उघडली आणि मला बोलावून दाखवलंत. कॉइलच्या, म्हणजे खोली थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, पात्या दिसतच नव्हत्या, नुसती बर्फाची भिंत. मग म्हणालात, "वहिनी, मोदकपात्राखालचा गॅस बंद केला तर पाणी उकळेल का?" कॉइलमधल्या गॅसलाही उकळायला खोलीतली उष्णता लागते. बर्फाच्या भिंतीतून हवा जात नाही, उष्णता पोचत नाही, मग तो न उकळता पातळच कॉम्प्रेसरकडे परत येतो. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी असतो. पातळ गॅस आत शिरला की तेल धुऊन नेतो आणि व्हॉल्व्हच्या पात्या मोडतो. पाच वर्षं फ्रीझर वापरतेय, एवढं उलगडून मला कुणी सांगितलं नव्हतं. फ्रीझरच्या उघड्या पाइपवर पावसाळ्यात पांढरं दंव येणारच, त्याला घाबरायचं नाही, बर्फ कॉम्प्रेसरच्या अंगावर आला की मशीन लगेच थांबवायचं, हेही तेव्हाच कळलं.

बर्फ वितळवणाऱ्या तीन हीटरपैकी एकात करंटच जात नव्हता. क्लॅम्प मीटरवर दोन्हींचा आकडा सारखा, तिसऱ्यावर शून्य. डीफ्रॉस्ट दिवसातून चार वेळा लागत होता आणि दर वेळी त्या बाजूचा बर्फ तसाच राहून वाढत होता.

मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बर्फ फोडायला निघाला तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. पाइपला एक भोक पडलं असतं तर सगळंच संपलं असतं. शेजारच्या आइस्क्रीमवाल्यांनी दोन डीप फ्रीझर रिकामे करून दिले (त्यांचेही आभार मानायचेत), मोदक तिकडे हलवले आणि तुम्ही रात्री दोनपर्यंत नळाच्या साध्या पाण्याने ती भिंत उतरवलीत. नवा हीटर बसला.

सकाळी आकडा खाली येत होता, पण पाइपवर पुन्हा बर्फ. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मात्र आता गेज लावलात, पाइपवर थर्मामीटर बांधलात आणि हिशेब केलात: सुपरहीट, म्हणजे गॅस उकळून वाफ झाल्यावर ती वाफ आणखी जितकी तापते ते, जेमतेम १ अंश. कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब (पाइपचं तापमान ओळखणारी छोटी नळी) प्लास्टिकच्या पट्टीने कसाबसा अडकवलेला, वरचं इन्सुलेशन गळून पडलेलं. बल्बला पाइपऐवजी बाहेरची ऊब लागत होती, म्हणून व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडत होता. तुम्ही पाइप पॉलिश पेपरने लख्ख घासलात, घड्याळात चार वाजतात त्या जागी बल्ब ठेवून तांब्याच्या पट्टीने आवळलात. अगदी खाली का नाही, तर तिथून तेल वाहतं आणि बल्बला खरं तापमान कळत नाही. तो हात फिरवून पुन्हा पुन्हा तपासणं मी विसरणार नाही. सुपरहीट ५ वर आला, बर्फ कॉम्प्रेसरवरून उतरला.

आणि तो जास्तीचा गॅस! हवेत सोडून दिला असता तर मला कळलंही नसतं. तुम्ही गाडीतून मशीन काढून तो वजन करत सिलिंडरमध्ये परत घेतलात. आमच्या फ्रीझरमधला हा आर-४०४ए गॅस कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ३,९०० पट पृथ्वी तापवतो, हे मुलाला समजावून सांगितलंत. त्याने ते वहीत लिहून ठेवलंय.

जाताना दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावायला सांगितलंत. खालच्या कोपऱ्यात ती अलगद निघून आली. तिथून दमट हवा आत शिरत होती. नवं रबर बसवलं. आता दर शनिवारी मी चारही बाजूंनी नोट लावून बघते. काल सगळीकडे घट्ट अडकली.

एकवीस मोदकांचा डबा तुमच्या नावाने ठेवलाय, उणे १८ ला. काकूंना घेऊन या, वाफवून गरमागरम वाढते.

तुमची,
चिपळूणची मोदकवाली वहिनी