आटपाडीचा बाजार ते शाहूपुरीचा गूळ : मंद्याला पत्र

प्रिय मंद्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, परत एकदा ऐकला, आणि फोनवर उत्तर द्यायचं ठरवून शेवटी लिहायलाच बसलो. बंगळुरात बसून तू नि तुझा पार्टनर 'थेट शेतकऱ्याकडून' माल उचलून शहरात विकायचं म्हणताय आणि मला विचारतोयस की अडत्याला, म्हणजे बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाला, मधून काढलं तर शेतकऱ्याला किती जास्त मिळेल. अरे, हे असं आकड्यात सांगता येत नाही. पण नशिबानं फेब्रुवारीच्या शेवटी मी आणि दाजी गाडी काढून माणदेशातनं सांगली-कोल्हापूरपर्यंत बाजार बघत फिरलो, त्यामुळे जे बघितलं ते सगळं तुला सांगतो, मग तू ठरव. दाजी जत तालुक्यातले, जनावरातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला जन्मात कळणार नाही, त्यामुळे योग्य माणूस बरोबर होता.

पुण्याहून फलटण, दहिवडी, म्हसवड, दिघंची करत शुक्रवारी रात्री आटपाडीत पोचलो कारण शनिवारी तिथं शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. उजाडायच्या आत जायला लागतं, नऊ-दहाला गेलास तर चांगली जनावरं टेम्पोत चढलेली असतात. अंधारातच पिकअप येत असतात, धनगर मंडळी घोंगडी पांघरून कळपापाशी उभी, आणि जिकडे बघावं तिकडे माडग्याळी मेंढ्या. तू माडग्याळ बघितली नसशील कधी. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरनं नाव पडलंय, बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच आणि लांब पायाची. देखण्या मेंढ्याला इथं लाखात किंमत येते, 2020 साली एकाला 70 लाखाची मागणी झाली आणि मालकानं दिला नाही ही बातमी तू पण वाचली असशील. पण ते सोड, रोजचा बाजार वेगळाच आहे. एका म्हाताऱ्या मावशीनं दोन बकरी आणलेली, पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती, गिऱ्हाईक आलं, दाढ बघितली, पाठीवरनं हात फिरवला, भाव सांगितला, मावशी म्हणाली "न्हाई परवडत, पुढच्या शनिवारी बघू." आणि खरंच दावं धरून बाजूला जाऊन बसली. मला हे फार आवडलं. फीची तारीख लांब होती म्हणून ती थांबू शकली. दाजी म्हणाले दुष्काळात हेच उलटं होतं, चारा नाही, पाणी नाही, सगळे एकदमच विकायला येतात आणि घेणारा मान वर करून बघत पण नाही. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींच्या मागं लोकांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा घेतल्या, डाळिंबाच्या बागा दिसतात, म्हणून दुष्काळाची भीती थोडी मागं सरकलीय एवढंच.

भाजीच्या बाजूला सगळ्या बायकाच. मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी, शेवगा, घेवडा, गावठी लसूण. इथं भाव बाई स्वतःच्या तोंडानं सांगते, घासाघीस स्वतः करते, आणि ऊन चढेल तसा वाटा मोठा होत जातो कारण संध्याकाळी पालेभाजी घरी नेऊन करायचं काय. क्यूआर कोड सगळ्यांकडे आहे पण भांडवल कुठनं येतं हे विचार. पहाटे माल उचलायला पैसे लागतात, सकाळी घेतलेले संध्याकाळी फेडायचे आणि त्यावर सावकार व्याज खातो. म्हसवडची माणदेशी महिला बँक याच बायकांसाठी 1997 ला उभी राहिली, चेतना सिन्हांनी अर्ज केला तेव्हा बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा नाकारला होता, बायका नंतर शिकून परत गेल्या आणि लायसन आणलं. म्हसवडमधून जाताना बोर्ड दिसला तर मी दाजींना गाडी हळू घ्यायला लावली.

रविवारी सांगोला. खिलार जातीची गाय-बैलं बघायची तर इथं. पांढरीशुभ्र जनावरं, शिंगं मागे वळलेली, गळ्यात घुंगरमाळा, म्होरक्या नव्या कोऱ्या. दाजी जबडा उघडून दात बघत सांगत होते, हा आदत (अजून दुधाचे दात), हा दुसा (दोन दात), हा चौसा (चार दात), हा जुळलेला (सगळे दात आलेला). दोन दात आले की जनावर कामाला लावायचं वय, तिथं किंमत चढते. आणि सौदा म्हणशील तर अजून टॉवेलाखाली चालतो रे! हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि मालक एकमेकांचा हात धरतात, वरनं टॉवेल, आत बोटं दाबायची, जितकी बोटं तितके हजार, तोंडानं फक्त "हं", "न्हाई", "बघ जरा", आणि शेजारी उभ्या माणसाला काडीचा पत्ता लागत नाही. दाजींनी स्वतः हात घालून एक खोंड मागितलं, जमलं नाही, पण मालकाला राग नाही, चहा पाजला. मला वाटलं होतं हे सगळं आता संपलं असेल. पण उलट बैलगाडा शर्यतीमुळे खिलारला परत दिवस आलेत. 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद पडल्या तेव्हा चांगल्या खोंडांना पण विचारणारा नव्हता, डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि मे 2023 ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून पळाऊ खोंड घ्यायला लांबलांबनं लोक येतात. नांगराच्या बैलाचं मात्र अवघड आहे, ट्रॅक्टरनं त्याचं काम घेतलं, आणि म्हाताऱ्या बैलाला 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गिऱ्हाईकच नाही, शेतकऱ्यानं त्याला मरेपर्यंत सांभाळायचं म्हटलं तर कडबा कुठनं आणायचा. एक आजोबा दोन थकलेले बैल घेऊन सकाळपासून उभे होते आणि दुपारी बाजार मोडला तसे तेच बैल घेऊन चालत परत गेले. मला तिथनं हलवेना.

तिथनं मंगळवेढा जवळच. मालदांडी ज्वारीची काढणी चालू होती. ही ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर काळ्या जमिनीत येते, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, मी बोलतो ते खोटं वाटत असेल तर पीठ पाठवतो. पण रब्बी ज्वारी हातानं उपटून काढायची असते, हात सोलवटतात, माणसं मिळत नाहीत आणि म्हणून लोक ज्वारी कमी करून दुसरं काहीतरी लावतात. कडब्याला शेकड्यानं भाव, काही वर्षी तर दाण्यापेक्षा कडब्याचीच चर्चा जास्त. तरी ज्वारी घरी ठेवता येते, पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला टाकून वर्षभर. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडली ते हेच गाव, आपल्याला शाळेत सांगितलेलं. देवळात गेलो होतो. त्या माणसानं भरलेलं कोठार आणि उपाशी माणूस हे दोन्ही एकाच गावात असू दिलं नाही, अजून काय पाहिजे.

परत सांगोल्याला येऊन मोठ्या हायवेला लागलो तर जुनोनीपासून दोन्ही बाजूला बेदाण्याची शेडं. हवा कोरडी म्हणून लांबचे बागायतदार द्राक्षं इथं आणून वाळवतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, जाळीच्या रॅकवर पसरायची, वरनं फवारणी, दोन आठवडे वारं लागलं की झाला बेदाणा. चार किलो द्राक्षाचा एक किलो. त्या दोन आठवड्यांत पाऊस आला की माल काळा पडतो आणि वर्ष गेलं. एका शेडवर पोरगं रॅकखाली झोपलेलं, मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडंच.

तासगावला बेदाण्याचा सौदा बघितला आणि मंद्या, तू इथं अर्धा दिवस तरी बसावंस असं मला मनापासून वाटतं. नमुने मांडलेले, व्यापारी मुठीत घेऊन दाबून बघतो, एखादा तोंडात टाकतो, रंग, गोडी, देठ, किती फुगीर. अडत्या बोली ओरडतो, पाच-सात सेकंदात शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल. शेतकरी बाजूला उभा असतो, हाताची घडी घालून. पण इथं त्याच्या हातात एक गोष्ट आहे. पटलं नाही तर तो 'नाही देत' म्हणू शकतो, कारण माल कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, खराब होत नाही, सणाच्या आधी परत काढता येतो. कोल्ड स्टोरेजची पावती खिशात असलेला माणूस वेगळा उभा राहतो, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ज्यानं अडत्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, औषधं, मजुरी, पोरीचं लग्न, तो मिळेल त्या भावाला मान हलवतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब नि पैसे, घेऊन जातो. दोघांचा बेदाणा एकाच प्रतीचा असू शकतो रे.

सांगलीच्या यार्डात हळदीची धूळ नाकात गेली की दिवसभर जात नाही. राजापुरी हळद, हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, गठ्ठे वेगळे, कणी वेगळी. संध्याकाळी हरिपूरला गेलो, कृष्णा-वारणेच्या संगमावर, पेवांची जागा बघायला. पूर्वी तिथं जमिनीत पेवं होती, खोल खड्डे, अरुंद तोंडाचे, हळद भरून वरनं माती लावून बंद करायचे, आत हवाच नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं हळद टिकायची. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, गुदमरून मरतो माणूस, हवा खेळू द्यायची मग उतरायचं. सांगलीची हळदीची पेठ या पेवांच्या जिवावर वाढली. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं, हळद सडली आणि पेवांचं ते सगळं गेलं. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय मिळाला, आनंद आहे, पण पेवं कुणी नीट जपून ठेवली असती तर बरं झालं असतं. हे मला फार लागलं.

कोल्हापुरात शेवट गुळानं. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी पेठ वसवली तीच मुळी गुळासाठी. आता सौदे शाहू मार्केट यार्डात. आदल्या दिवशी गावाकडं एका गुऱ्हाळावर गेलो होतो, चुलवाणात चिपाड (रस काढलेला ऊस), काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळतोय, भेंडीचं पाणी टाकून मळी काढतात, आणि गुळव्या (गूळ करणारा कारागीर) एकटक बघत उभा. पाक कधी उतरायचा ते त्यालाच कळतं, थर्मामीटर नाही काही नाही. गुळव्ये कमी झालेत, पोरं या कामात येत नाहीत, कारखाना ऊस नेतो त्यात कष्ट कमी. गुळाचं दुखणं असं की तोडलेला ऊस थांबत नाही आणि पावसाळ्यात गूळ पाणी सुटून पाघळतो, त्यामुळे 30 किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) यार्डात आले की विकलेच पाहिजेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. अडत्या काढून टाकणं सोपं वाटतं. पण तो हंगामाआधी उचल देतो, रात्री दोनला ट्रक आला तरी माल उतरवून घेतो, व्यापारी बुडाला तरी शेतकऱ्याची पट्टी त्यानंच द्यायची असते, निदान चांगला अडत्या देतो. ही कामं तुझी कंपनी करणार आहे का? तू फक्त 'थेट' म्हणून भाव जरा चांगला दिलास आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी, तर ते लोक तुझ्याकडे टिकणार नाहीत आणि मी त्यांना दोष देणार नाही. मला वाटतं शेतकऱ्याला भाव मिळतो तो थांबता आल्यावर. म्हणून तुझ्या पार्टनरला सांग, ॲपच्या आधी गोदाम आणि तारण याचा विचार करा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या बऱ्याच भागाइतकं कर्ज सहा टक्क्यानं सहा महिन्यांसाठी, चांगली योजना आहे पण मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या कित्येकांनी कधी नावच ऐकलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं ते म्हणाले आमच्याकडे गोदामात जागाच नसते. तुम्ही बेदाणा आणि हळदीपासून सुरुवात करा, टिकणारा माल आहे, आणि पहिल्या वर्षी एकाच तालुक्यात. भाजीच्या नादाला आत्ता लागू नका.

बेदाण्याचं आणि मालदांडीच्या पिठाचं पार्सल काकूंच्या पत्त्यावर पाठवलंय, पिठाला लगेच उघडून हवा लावायला सांग. शेडवाल्यांपैकी दोघंजण तुझ्याशी बोलायला तयार आहेत, पण फोनवर नको म्हणाले, समोर ये. मार्चअखेरपर्यंत शेडं चालू असतात, तेव्हा शनिवार-रविवार धरून तारीख कळव म्हणजे आटपाडी आणि सांगोला पण होईल. दाजी यायला तयारच आहेत, त्यांचं त्या खोंडात अजून मन आहे.

तुझा,
बाळ्या