मणक्याची बायोप्सी आणि फॉर्मॅलिनची बाटली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘स्पॉन्डिलोडिस्कायटिस (मणका आणि त्यामधल्या चकतीचा संसर्ग), क्षयाची शक्यता’ असे शब्द आले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी टीबीची औषधे सुरू होतात. मणक्याचा टीबी आपल्या देशात इतका आहे की हा अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो. पण रुग्णाची शुगर आटोक्यात नसेल, किडनी बदललेली असेल, केमो चालू असेल किंवा कित्येक आठवडे स्टेरॉइड पोटात जात असेल, तर हेच चित्र बुरशीमुळेही दिसते. (यात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही आल्या. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.) कोविडनंतर पुण्यातच अ‍ॅस्परजिलस बुरशीने मणका पोखरलेले रुग्ण सापडले होते. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

या दुखण्यात ताप नसला म्हणून निर्धास्त राहू नये. पांढऱ्या पेशीही नॉर्मल असू शकतात. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या तेवढ्या वाढलेल्या दिसतात. पडून राहिले तरी कंबर ठणकते आणि रात्री कूस बदलताना कळ येते. आयसीयूत सेंट्रल लाइनवाटे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवाटे) रक्तात शिरलेली कँडिडा ही बुरशी तर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी मणक्यात डोके वर काढते. तोवर डिस्चार्ज कार्ड कपाटात गेलेले असते. ते शोधून डॉक्टरांपुढे ठेवावे.

खरा घोळ होतो बायोप्सीच्या दिवशी. सीटी स्कॅनवर बघत सुईने काढलेला तुकडा शेवयीच्या काडीएवढा असतो. तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत टाकला की पॅथॉलॉजीची सोय होते, पण त्यातली बुरशी आणि जंतू मरतात, मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काही उगवण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि उरलेला निर्जंतुक सलाइनच्या डबीत हवा. सलाइनमधल्या भागातून साधे कल्चर, बुरशीचे कल्चर आणि टीबीसाठी जीन एक्सपर्ट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) व लिक्विड कल्चर, असे सगळे करायचे असते. फॉर्मवर ‘फंगल कल्चर’ स्पष्ट लिहिले नसेल तर साध्या कल्चरची प्लेट काही दिवसांत टाकून दिली जाते. बुरशीसाठी ती चार आठवडे ठेवावी लागते. म्युकरचा (‘काळ्या बुरशी’चा) संशय असेल तर तुकडा खलायचा नाही, बारीक चिरायचा, कारण खलल्यावर बुरशीचे तंतू तुटून मरतात. पॅथॉलॉजीलाही पीएएस आणि जीएमएस ही बुरशी दाखवणारी स्टेन (रंगद्रव्ये) लावायला सांगावे. पुण्यात बऱ्याचदा ही बाटली नातेवाइकाच्याच हातात देतात आणि तो रिक्षाने लॅब गाठतो. त्याने निघण्याआधी एवढे विचारावे: “सिस्टर, सलाइनची डबी कुठे आहे?”

निदान न करताच एकेटी (टीबीची औषधे) सुरू करण्याचा आणखी एक तोटा आहे, तो औषधांच्या गणितातला. अ‍ॅस्परजिलसवर मुख्य औषध व्होरिकोनॅझोल. टीबीच्या गोळ्यांतले रिफॅम्पिसिन रक्तातली त्याची पातळी ९० टक्क्यांहून अधिक पाडते. त्यामुळे ‘दोन्ही चालू ठेवू, जे लागू पडेल ते पडेल’ हा मार्ग इथे चालत नाही. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही त्याचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे जातात. उलट, किडनी बदललेल्यांत व्होरिकोनॅझोलमुळे टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) पातळी चढते आणि त्याचा डोस सुमारे एकतृतीयांशावर आणावा लागतो.

व्होरिकोनॅझोल जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तासानंतर घ्यायचे. पाच-सात दिवसांनी, पुढचा डोस घेण्याआधी रक्त देऊन पातळी तपासावी. ती १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर यांच्या दरम्यान हवी. कमी असेल तर औषध फुकट, जास्त असेल तर भास, गोंधळ, यकृताला त्रास. उन्हाने कातडी भाजते आणि नजरेसमोर रंग बदलल्यासारखे वाटतात, त्यामुळे हे औषध चालू असताना रात्री दुचाकी चालवू नये. हे औषध म्युकरवर चालत नाही, कँडिडावर बहुधा फ्लुकोनॅझोल लागते; म्हणूनच बुरशी कोणती हे कळायला हवे. उपचार महिनोन्‌महिने चालतात, कँडिडासाठी ६ ते १२ महिने. दुखणे थांबले म्हणून गोळ्या थांबवू नयेत.

पायांतले बळ कमी होणे, चड्डीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे यांतले काहीही दिसले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे न्यावे.

शहरातल्या रुग्णालयांना एक विनंती आहे. मणक्याच्या बायोप्सीच्या फॉर्मवर ‘फॉर्मॅलिन’ आणि ‘सलाइन’ असे दोन रकाने छापा आणि दोन्हींवर खूण असल्याशिवाय नमुना ओटीबाहेर सोडू नका.

— एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, कोथरूड, पुणे