विमान स्वस्त, पण शेवटची ट्रेन गेली

संपादक महोदय,

बजेट एअरलाईनने घरी येताना झालेली धावपळ सांगायचीय, म्हणजे बाकीच्यांची तरी फरफट होणार नाही. ऑनलाईन चेक-इन झालेलं, बोर्डिंग पास मोबाईलवर, तरी बॅग द्यायला तीच लांबलचक रांग आणि काउंटर एकच चालू, माझ्या पुढची एक बाई जमिनीवर बॅग उघडून स्वेटर एकावर एक अंगात चढवत होती, कारण वजन दोन किलो जास्त भरलं आणि जादाचे पैसे तिकिटाएवढेच होत होते. खूप वाईट वाटलं हो! बॅग घेणं विमान सुटायच्या पाऊण-एक तास आधीच बंद होतं आणि रांगेत उभे होतो म्हणून कुणी थांबत नाही.

खरा घोळ उतरल्यावर झाला. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान पोचायची, तुम्ही बाहेर पडायची नव्हे. पासपोर्टची रांग, मग बॅगेचा पट्टा, यात तास सहज जातो. मी विमानतळावरून पुढे घरी जायला ठरावीक ट्रेनचंच स्वस्त तिकीट आधी काढून ठेवलेलं, विमान लेट झालं, गाडी गेली, पैसेही गेले, कारण दोन्ही तिकिटं वेगळी असली की एकाच्या उशिराची जबाबदारी दुसरा घेत नाही. ती शेवटचीच ट्रेन होती, रात्र बाकड्यावर काढली.

रात्री उशिरा उतरणार असाल तर दिवसभरात कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि एअरलाईन्सनी बुकिंग करतानाच शेवटच्या ट्रेनची वेळ दाखवावी, एवढं तर त्यांना सहज जमण्यासारखं आहे.

– एक प्रवासी